गाडीचं कूलंट गळतंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशाने मिस्त्री नव्हे. घर खाडीकाठी, अंगणात मांगर आणि मांगरात कायम कुठली तरी गाडी अर्धी उघडलेली. त्यामुळे बाजारात भेटणारा, फोन करणारा, मुंबईहून गणपतीला आलेला असा प्रत्येक जण कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रावाचे, हेच प्रश्न घेऊन येतो. एकदाचे लिहून ठेवतो.

1. गाडीखाली पाणी दिसतंय. ते कूलंटच कशावरून?

बोट लावा आणि दोन बोटांत चोळा. कूलंट गुळगुळीत, किंचित चिकट लागतं, वास गोडसर येतो आणि रंग असतो : हिरवा, गुलाबी, लाल, निळा. एसीचं पाणी मात्र अगदी साधं असतं, ना वास ना रंग. मे महिन्याच्या दमट हवेत एसी लावून देवगडहून कणकवलीला जाऊन आलात, तर तांब्याभर पाणी सहज पडेल. त्यात काही बिघाड नाही. काच धुवायच्या टाकीचं पाणी साबणासारखं वासतं. ऑइल तपकिरी-काळं असतं आणि बोटावरून सहज निघत नाही.

चव घेऊन बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे (प्रश्न 16).

2. पेट्रोलसारखं कूलंटही संपतच असेल ना? मी दर पंधरवड्याला थोडं ओततो.

नाही, संपत नाही. कूलंट बंद फेऱ्यात फिरतं : इंजिनातून रेडिएटरमध्ये (पुढची जाळी, तिथे ते हवेने गार होतं), तिथून परत इंजिनात. वर्षभरात बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर उतरली तर ठीक. दर पंधरवड्याला ओतावं लागतंय याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा इंजिनात जळतंय.

ओतत राहण्याआधी मोजा. सकाळी, इंजिन थंडगार असताना आणि गाडी सपाट जागी असताना बाटलीवर चिकटपट्टी लावा, पातळीची रेघ मारा, तारीख आणि किलोमीटर लिहा. आठवड्याने त्याच वेळी, त्याच जागी परत बघा. गरम इंजिनात पातळी वर चढते, म्हणून संध्याकाळची रेघ आणि सकाळची रेघ यांची तुलना करून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात.

3. गाडी बंद केल्यावर किती वेळाने रेडिएटरचं झाकण उघडायचं?

घड्याळ बघू नका, रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या वरच्या जाड होज पाइपला (रबरी नळीला) हात लावा. तो थंड आणि दाबल्यावर मऊ लागला पाहिजे. त्याला तासभर तरी लागतोच, उन्हात उभ्या गाडीला जास्त.

कारण कुकरचंच आहे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. पण बहुतेक गाड्यांत झाकण 0.9 ते 1.1 बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे ते 120 अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलंत की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वाफ न जाऊ देता कुकर उघडायला आपण कुणाला सांगत नाही. थंड झाल्यावरसुद्धा जाड फडकं टाकून आधी थोडंसंच फिरवा, सुसकारा थांबू द्या, मग पुढे.

आणि पंख्यापासून बोटं लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू लागतो.

4. गळती शोधायला सुरुवात कुठून करू?

पुठ्ठ्यापासून. आपल्याकडे अंगणात जांभा चिरा किंवा माती, थेंब पडला की जिरून गेला, सकाळी काही दिसत नाही. आंब्याच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा उलगडून रात्रभर इंजिनाखाली ठेवा आणि पुढचं डावं चाक कुठे होतं ते त्यावर पेनाने लिहा. सकाळी डाग कुठे आहे ते बघून तिथून सरळ वर बॅटरी मारा. थेंब नेहमी सगळ्यात खालच्या टोकावरून पडतो, त्याचं उगमस्थान हातभर वर आणि बाजूला असू शकतं.

मग बॉनेट उघडून ओळीने बघत जा : वरच्या होजची दोन्ही टोकं, खालच्या होजची दोन्ही टोकं, रेडिएटरच्या ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकची टाकी जिथे दुमडून बसवलेली असते ती कड, तळाचा ड्रेन प्लग, बाटलीकडे जाणारी बारीक नळी, थर्मोस्टॅटचं (तापल्यावर उघडणाऱ्या झडपेचं) घर, केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन हीटर पाइप. ओला थेंब क्वचितच सापडतो. शोधायचा असतो तो वाळलेला खार. समुद्राजवळ इथे मात्र गफलत होते, कारण खाऱ्या हवेने सगळ्याच ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी चढलेली असते. हवेचा खार सगळीकडे सारखा पसरतो. कूलंटचा खार एका रेघेत उतरतो, त्याला हिरवट-गुलाबी झाक असते आणि नखाने खरवडलात तर पापुद्रा निघतो.

दोनदा बघा. एकदा पहाटे, गाडी सुरू करण्याआधी. एकदा वीस मिनिटं चालवून आणल्यावर. सैल क्लिप थंड असताना ठिबकते आणि रबर तापून फुगलं की बंद होते. रेडिएटरची बारीक भेग याच्या उलट, दाब आल्यावरच उघडते. शेजारच्या पिकअपची गळती तीन मिस्त्र्यांना सापडली नव्हती, कारण तिघांकडे गाडी गरम होऊनच पोचायची.

राहिला वॉटर पंप. त्याच्या पुलीमागे पोटाला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं : आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली रंगीत ओघळ दिसला की पंप बदलायचा, भोक बुजवायचं नाही. (बुजवलेलं पाहिलंय. फेविक्विकने.) इंजिन बंद असताना पुली हाताने हलवून बघा, डुगडुगली तर बेअरिंगही गेलं. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर काम मिस्त्रीकडे द्या. बेल्ट एका दाताने चुकला तरी बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.

5. डबकं कुठेच नाही, पुठ्ठाही कोरा. ‘पाणी खंय जातां ताच कळणा नाय.’

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. जाण्याच्या चार वाटा आहेत.

पहिली, गरम भागावर. गळती एक्झॉस्टच्या जवळ असेल तर थेंब जमिनीवर येईतो वाफ होऊन जातो. गाडी थांबवल्याबरोबर बॉनेटमधून गोडसर वास येतो.

दुसरी, केबिनमध्ये. कोकणात हीटर कोण लावतं, पण डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (छोटा रेडिएटरच) गाडीत असतोच, आणि बऱ्याच गाड्यांत त्यातून कूलंट बाराही महिने फिरतं. डाव्या सीटसमोरचा गालिचा उचलून खालचा फोम दाबा. तो चिकट ओला असेल, किंवा समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल आणि पुसल्यावर फराटे उठत असतील, तर तोच दोषी. नुसता ओला, बिनवासाचा फोम म्हणजे एसीची तुंबलेली नळी किंवा पावसाचं पाणी.

तिसरी वाट झाकणाची. त्याच्या खालचं रबर कडक झालं की दाब धरत नाही, कूलंट बाटलीत जातं आणि तिथून उतू जातं. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळे तो सगळ्यात शेवटी बदलतात. नवं झाकण त्याच दाबाचं घ्या, वर आकडा कोरलेला असतो. गार झाल्यावर होज आत चेपून चपटा होत असेल तर झाकणाची परतीची झडप चिकटली आहे.

चौथी, इंजिनात. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं सील. खुणा पुढच्या प्रश्नात.

6. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस आलाय. हेड गॅसकेट गेलं का?

घाबरू नका, आधी महिना बघा. जुलैमध्ये रोज दोन किलोमीटर, घर ते बाजार एवढीच गाडी चालली तर इंजिन पुरतं तापत नाही, हवेतली वाफ झाकणाखाली धरते आणि तिथेच सायीसारखा फेस होतो. झाकण पुसा, तासभर हायवेला फिरवून आणा, पुन्हा बघा. ऑइलची कांडी ओढा. कांडीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरू करू नका, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं.

गॅसकेटच्या खऱ्या खुणा अशा : इंजिन तापल्यावरही थांबत नाही असा गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच दगडासारखा कडक होणारा वरचा होज, थंड इंजिन रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर गळ्यातून सतत येणारे बुडबुडे. खात्री हवी तर निळ्या द्रावाची चाचणी असते. रेडिएटरच्या गळ्यावरची हवा त्यातून ओढायची. जळलेला वायू आला तर पेट्रोल इंजिनात निळा रंग पिवळा होतो. गॅसकेटचं काम घरी करू नका. हेड सपाट आहे का ते मशीनवर तपासावं लागतं.

7. प्रेशर टेस्टर विकत घ्यावा का?

एका गाडीसाठी नको. ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागा. इंजिन थंड असताना झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हातपंप मारायचा, वर नाही. पंधरा मिनिटांत काटा हलला नाही तर फेरा शाबूत. उतरला आणि थेंब दिसला नाही, तर परत प्रश्न 5.

8. होज पाइप घरी बदलता येतो का?

येतो, आणि घरी करण्यासारखं हेच सगळ्यात चांगलं काम. पक्कड, पेचकस, पसरट टोप (नंतर स्वयंपाकघरात न जाणारा), नवा होज, नव्या क्लिपा.

गाडी सपाट आणि थंड. ड्रेन प्लग सोडून कूलंट टोपात घ्या. प्लग प्लॅस्टिकचा असतो आणि जुना असला की ठिसूळ, तो अडला तर जबरदस्ती करू नका, खालचा होजच सोडा. क्लिप मागे सरकवा आणि होज पिळून सोडवा. पेचकस आत घालून उचकटू नका, रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची असते आणि तिचा कान तुटला की शंभर-दोनशेच्या कामाचं हजारोंचं होतं. होज चिकटलाच असेल तर ब्लेडने लांबीत चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखा सोला. तो टाकायचाच आहे.

मग नळीची कड. इथेच बहुतेक जण घाई करतात. इंजिनाच्या बाजूची नळी ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या हवेने तिच्यावर पांढरी खरखर चढलेली असते. नवा होज तिच्यावर चढवलात तर तो पहिल्याच आठवड्यात झिरपेल. बारीक पॉलिश पेपर नळीभोवती गोल फिरवा, बोट फिरवून खड्डे चाचपा, फडक्याने पुसा. ऑइल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. होज आतून थोड्या कूलंटने ओला करा, सरकन जातो. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही आणि होजच्या अगदी टोकालाही नाही.

क्लिप स्टेनलेसची घ्या, आणि पट्टीबरोबर तिचा स्क्रूही स्टेनलेसचा आहे ना ते विचारा. पट्टी चकचकीत आणि स्क्रू साध्या लोखंडाचा अशा क्लिपा सर्रास मिळतात. दोन पावसाळ्यांत स्क्रू गंजून जागीच बसतो. कंपनीची स्प्रिंगची क्लिप ताठ असेल तर ती फेकू नका. रबर फुगलं-आकसलं तरी ती स्वतः जुळवून घेते.

एकदा गाडी गरम होऊन थंड झाली की क्लिपा परत बघा. भरताना प्रश्न 12 वाचा.

9. रेडिएटरच गळतोय. एम-सील? हळद? बाजारातलं लीक-स्टॉप?

हळद, तंबाखू, अंड्याचा बलक, सगळं ट्रकवाल्यांनी करून झालंय. तात्पुरतं चालतंही, कारण बारीक चोथा भेगेत अडकतो. पण चोथ्याला भेग कोणती आणि रेडिएटरची केसासारखी नळी कोणती ते कळत नाही. भेग बुजते, त्याबरोबर हीटर आणि निम्मा रेडिएटरही. लीक-स्टॉप थोडं सभ्य, पण जात तीच. घाटमाथ्यावर अडकलात तर घाला, घरी असताना नको.

एम-सील प्लॅस्टिकच्या टाकीवर महिना-दोन महिने टिकू शकतं, जर पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून, खरखरीत घासून, रात्रभर सुकू दिलंत तर. दुमडलेल्या कडेवर ते टिकत नाही, तिथे प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम वेगवेगळे फुगतात. जुना पितळ-तांब्याचा रेडिएटर असेल तर नशीबवान आहात, रेडिएटरवाला डाग (सोल्डर) देऊन देतो.

10. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी चालतं का? आमचं पाणी गोड आहे.

माझंही ‘गोड’ होतं. घराची विहीर खाडीपासून फर्लांगभर, पाणी प्यायला उत्तम. दोन वर्षं मी तेच ओतलं. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढला की किनाऱ्याच्या विहिरीत खारेपणा शिरतो, जिभेला तो कळत नाही, ॲल्युमिनियमला कळतो. क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. माझ्या रेडिएटरला खालच्या बाजूला ओळीने सात होती. मोजली, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

डिस्टिल्ड पाणी वापरा, बॅटरीत घालतो तेच. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचंच नाही. घट्ट कूलंट असेल तर निम्मं-निम्मं. इथे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, असं म्हणणारे भेटतात. कूलंट गंजही रोखतं, आणि आपल्याला ते त्याचसाठी हवं असतं.

11. हिरव्यात गुलाबी मिसळलं तर?

रंगावर जाऊ नका, रंग प्रत्येक कंपनी मनाने देते. आतलं रसायन वेगळं असतं. दोन न जुळणारी मिसळली तर गंजरोधक कमजोर होतो, कधी कधी गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा. आधीच काय आहे ते माहीत नसेल तर पूर्ण काढून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवीन भरा.

12. गळती काढली, कूलंट भरलं, तरी गाडी तापते. का?

आत हवा अडकली आहे. गाडीचं नाक चढाला करून उभी करा म्हणजे रेडिएटरचा गळा सगळ्यात उंच येईल. हीटर पूर्ण गरमवर. थंड असतानाच झाकण काढून हळूहळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत सैल ठेवा. मग इंजिन सुरू, होज हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, तेव्हा पातळी एकदम खाली जाते. ती भरून झाकण लावा. हीटरमधून गरम वारा आला म्हणजे हवा गेली. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पुन्हा बघा. झाकण रेडिएटरऐवजी दाबाच्या बाटलीवरच असेल तर भरणं तिथूनच.

हवा गेल्यावरही फक्त गर्दीत तापत असेल आणि रस्ता मोकळा झाला की उतरत असेल, तर गळती नाही, पंखा बघा. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर बॉनेट उघडून उभ्या गाड्यांमध्ये बंद पंखेवाल्या कितीतरी असतात.

13. आंबा घाट चढताना काटा लाल झाला तर काय करू?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. अंगाची लाही होईल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. लगेच सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ दिसली तर इंजिनही ताबडतोब बंद.

एक फसवी गोष्ट : लाल झालेला काटा अचानक खाली आला म्हणून खूश होऊ नका. कूलंट इतकं संपलं असेल की सेन्सर कोरडा पडला, तर काटा खोटं बोलतो.

तासभर थांबा (प्रश्न 3), मग पाणी हळूहळू घाला. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो. अडचणीत कुठलंही स्वच्छ गोडं पाणी चालेल, घरी आल्यावर काढून टाका. समुद्राचं किंवा खाडीचं कधीच नाही. होज फाटला असेल तर कोरडा करून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळा, दोन्ही टोकांना क्लिप. साखरप्यापर्यंत उतरून येता येतं. मात्र उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

14. सीएनजी किट बसवल्यापासून कूलंट कमी होतंय.

किटवाल्याने होज कापून टी-जोड घातले आहेत, ते बघा. गॅसचा दाब उतरवताना रेड्यूसर थंड पडतो, म्हणून त्याला गरम कूलंटची फेरी दिलेली असते. म्हणजे चार-सहा नवे जोड आणि तितक्याच क्लिपा, बहुधा स्वस्त. रेड्यूसरवर दव किंवा बर्फ दिसलं तर त्याच्यापर्यंत कूलंट पोचत नाही. क्लिपा स्वतः बदला, गॅसच्या नळीला हात लावू नका.

15. नवा रेडिएटर वर्षात परत गळला. खाऱ्या हवेमुळेच ना?

नुसत्या हवेने एवढ्या लवकर नाही. दोन गोष्टी तपासा. एक, बॅटरीची अर्थची पट्टी (ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी). ती गंजली की वीज परतीची वाट कूलंटमधून काढते आणि ॲल्युमिनियम आतून खाते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार थंड रेडिएटरच्या गळ्यातल्या कूलंटमध्ये, धातूला न लावता. 0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ घासून घट्ट करा आणि कूलंट बदला. दुसरं, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीतला चिखल. चिपळूणच्या 2021 च्या पुरातून वाचलेल्या एका गाडीत तो विटेसारखा बसलेला पाहिला. ओला चिखल खार धरून ठेवतो. मऊ धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेर धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेलात तर जाळी झोपते.

16. सांडलेलं कूलंट कुत्र्याने चाटलं. आणि जुनं कुठे टाकायचं?

कुत्रा आत्ता नेहमीसारखा दिसत असला तरी थांबू नका, लगेच पशुवैद्याकडे. काही तासांत मूत्रपिंडावर परिणाम सुरू होतो. मांजरीला तर आणखी थोडं पुरतं. मुलाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय, आणि डबा बरोबर न्या.

सांडलेल्यावर राख किंवा माती टाकून भरून काढा, मग भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट व्हाळात, गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, तेच पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका. गुलाबी कूलंट हुबेहूब कोकम सरबतासारखं दिसतं.

17. होडीच्या इंजिनालाही हेच लागू?

अर्धंच. हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनात एका बाजूला कूलंट, दुसऱ्या बाजूला समुद्राचं पाणी. मधली नळी भोकली तर कूलंट समुद्रात जातं आणि तळात थेंबही दिसत नाही. म्हणून कूलंट कमी होत असेल, खाली कोरडं असेल, तर आधी एक्स्चेंजरच उघडा आणि त्यातली जस्ताची कांडी बघा. धातूऐवजी स्वतः झिजण्यासाठीच ती ठेवलेली असते. निम्मी उरली की बदलायची. गेल्या श्रावणात मासेमारीची बंदी उठायच्या आधी उघडलेल्या एका इंजिनात कांडीच्या जागी नुसता पितळी बोल्ट निघाला. मालक म्हणाला, ती सारखी झिजत होती, म्हणून टिकाऊ घातला.